सहा महिने थांब, पण कुठे?

"आता तर सगळं ऑनलाइन झालंय. मग अजूनही तेवढेच दिवस कसे लागतात?"

मी स्थानिक स्वराज्य संस्थेच्या कार्यालयात लिपिक आहे हे कळलं की पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. प्रवासात येतो, दवाखान्यात नंबर लावून बसले असताना येतो. पूर्वी मी हसून विषय बदलायचे. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण आपल्याच भाषेतली, तिच्यापुढे वाद काय घालणार? पण तुम्ही विचारलंत म्हणून, आणि आता थोडंफार उत्तर हाताशी आहे म्हणून, सांगते.

आधी एक कबुली. ऑनलाइन झालं म्हणजे आमच्याकडे नेमकं काय झालं? तुम्ही घरी बसून नळजोडणीचा अर्ज भरायचात, कागद स्कॅन करून चढवायचात. तो माझ्या संगणकावर दिसला की मी त्याची प्रिंट काढायचे. भोकं पाडून दोरा ओवायचा, आवक क्रमांकाचा शिक्का मारायचा आणि फाइल पुढच्या टेबलावर सरकवायची. सात सह्या झाल्या की तेच कागद पुन्हा स्कॅन करून प्रणालीत चढवायचे. तुमचा एक हेलपाटा वाचला हे खरं, पण आमची दोन कामं वाढली. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्येच बजावून ठेवलं होतं की, गुरांनी पाडलेल्या वाकड्यातिकड्या पायवाटांवर फरसबंदी करत बसू नका. आम्ही नेमकी तीच केली होती, आणि वर उद्घाटनही.

मग एक दिवस लीनच्या प्रशिक्षणाचं परिपत्रक आलं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "साहेबांपुढे लीन व्हायला आम्हाला प्रशिक्षण कशाला? पंचवीस वर्षं तेच करतोय." हा शब्द मराठीतला नव्हे. लीन म्हणजे सडपातळ, अंगावर फाजील चरबी नसलेलं. टोयोटाच्या मोटार बनवण्याच्या पद्धतीला जॉन क्राफसिक या संशोधकांनी १९८८ मध्ये हे नाव दिलं. मूळ विचार मात्र जुना, आणि त्यात टोयोटाचेच अभियंते ताइची ओनो यांचं नाव आधी घ्यावं लागतं. ज्याने गिऱ्हाइकाच्या पदरात काहीच पडत नाही अशा प्रत्येक गोष्टीला ते 'मुदा' म्हणत, म्हणजे वाया जाणं. अशा वाया जाण्याचे त्यांनी सात प्रकार सांगितले. सातही इथे मोजून दाखवत नाही. कार्यालयात त्यातला एकच बाकीच्या सहांना पुरून उरतो, तो म्हणजे वाट पाहणं.

प्रशिक्षणातला गृहपाठ साधा होता. एक अर्ज धरायचा आणि त्याच्याबरोबर चालायचं. मी एका फाइलच्या वर पिवळी चिठ्ठी लावली आणि प्रत्येक टेबलाला दोनच गोष्टी लिहायला सांगितल्या, फाइल टेबलावर कधी आली आणि कधी गेली. त्यात तिसरा रकाना मी माझ्या मनाने घातला, प्रत्यक्ष हातात किती वेळ होती. चिठ्ठी परत आली तेव्हा तिच्या मागे आणखी दोन चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. तिसऱ्या रकान्याची बेरीज दोन तासही भरली नाही. पहिल्या दोन रकान्यांमध्ये महिना उलटून गेला होता. एका टेबलावर ती अकरा दिवस होती आणि त्यापुढे 'हातात' या सदरात लिहिलं होतं, चार मिनिटं. ते टेबल माझंच होतं.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या चिठ्ठीत आहे. संगणक त्या दोन तासांचा एक तास करू शकतो. महिन्याला त्याने काय फरक पडणार? टंकलेखनाचा वेग दुप्पट झाला म्हणून गठ्ठ्यात पडलेली फाइल लवकर वर येत नाही. यामागे गणितही आहे. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकांनी १९६१ मध्ये ते सिद्ध केलं, आणि समजायला त्रैराशिकाहून अवघड नाही. रोज दहा अर्ज येत असतील, दहाच निकाली निघत असतील आणि तीनशे पडून असतील, तर आज आलेल्याला सरासरी तीस दिवस लागणार. कोणी कितीही घाई करो. दिवस कमी करायचे तर पडून असलेले तीनशे कमी झाले पाहिजेत.

ते पडतात का, हे शोधायला मात्र गणित चालत नाही, टेबलाजवळ जाऊन उभं राहावं लागतं. आमचे जागेची पाहणी करणारे कर्मचारी फक्त गुरुवारी बाहेर पडत. का? कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी एका जुन्या शिपायाने सांगितलं की, कधीकाळी विभागाला एकच गाडी होती आणि ती गुरुवारी मिळायची. गाडी कधीच गेली होती, गुरुवार राहिला होता.

सह्यांचीही तीच तऱ्हा. सातही जणांना मी विचारलं, "तुम्ही सही करताना काय बघता?" भीत भीत विचारलं, कारण त्यातले चार जण माझे वरिष्ठ. एकाने आराखडा बघतो म्हणून सांगितलं, एका मॅडमनी थकबाकी. बाकीच्यांच्या उत्तरांचा मथितार्थ असा होता की, खालच्याने बघितलंय म्हणून मी सही करतो, आणि खालचा म्हणाला, वरचे बघतातच म्हणून मी करतो. सात सह्यांखाली तपासणी झाली होती दोन.

आता तंत्रज्ञानाकडे वळते. त्याच्यावर माझा राग नाही, फक्त त्याचा नंबर नंतर लागतो. दोन गोष्टी आमच्याकडे खरोखर कामाला आल्या, आणि दोन्ही दिखाऊ नव्हत्या.

पहिली म्हणजे अर्ज थांबवणं. हो, थांबवणं. टोयोटाच्या घराण्याचा मूळ धंदा मोटारींचा नव्हे, मागांचा. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पुरा केलेला स्वयंचलित माग ताण्याचा धागा तुटला की आपोआप बंद पडायचा. त्यामुळे वारभर खराब कापड विणलं जाऊन मग कोणाच्या तरी लक्षात येतंय असं होत नसे, आणि एक माणूस अनेक माग सांभाळू शके. आमचा ऑनलाइन अर्ज याच्या बरोबर उलटा होता. मालकीचा कागद म्हणून कोणी चुकून फोन बिलाचा फोटो चढवला तरी तो मुकाट्याने घ्यायचा, 'अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला' असं हिरव्या अक्षरांत सांगायचा, आणि बाराव्या दिवशी आम्ही त्रुटीपत्र पाठवायचो. मग पूर्तता, मग पुन्हा गठ्ठ्याच्या तळाशी. आता कागद चढवतानाच त्याचा प्रकार निवडावा लागतो, शेजारी नमुना दिसतो, आणि एखादा कागद राहिला तर अर्ज पुढे सरकतच नाही. लोक वैतागतात, पण धागा तुटल्या क्षणी वैतागतात, बाराव्या दिवशी नाही. चुकीचा कागद तरीही येतोच. तो माझ्या टेबलावर त्याच दिवशी उघडला जातो.

दुसरी गोष्ट मोबाइलवरच्या संदेशाची. त्याआधी आम्ही खिडकीवर आठवडाभर रेघा मारल्या, कोण कशासाठी आलं याच्या. निम्म्याहून जास्त रेघा एकाच रकान्यात होत्या, 'माझ्या अर्जाचं काय झालं?' जॉन सेडन या ब्रिटिश सल्लागारांनी अशा कामाला 'फेल्युअर डिमांड' असं नाव दिलंय. आपण वेळेवर किंवा नीट केलं नाही म्हणून जे नवं काम जन्माला येतं, ते. (हे सेडन सरकारी कचेऱ्यांत लीनची हत्यारं डोळे मिटून वापरणाऱ्यांवर सडकून टीका करतात. म्हणूनच मला ते जास्त पटतात.) मग आम्ही आपोआप जाणारे संदेश सुरू केले. पहिल्या संदेशाचा मजकूर होता, 'आपला अर्ज प्रक्रियेत आहे.' खिडकीवरची गर्दी वाढली! लोक फोन पुढे करून विचारू लागले, म्हणजे काय हो? खिडकीवरच्या ताईंनी स्वतःच मजकूर बदलून दिला, 'जागेची पाहणी मंगळवारी सकाळी होईल. घरी कोणीतरी असावं.' गर्दी ओसरली, आणि घर बंद असल्यामुळे होणारी फेरपाहणीही. तंत्रज्ञान दोन्ही वेळेला तेच होतं.

आता कोणी कोणी विचारतं, टिपण्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेता का? घेता येतील. पण ज्या पाचपानी टिपणीतलं शेवटचं वाक्यच फक्त वाचलं जातं, ती क्षणात लिहून मिळाली तर फायदा कोणाचा? आधी ती अर्ध्या पानाची करू, मग बघू कोण लिहितं ते. आणि नागरिकांचे कागद कुठल्याही फुकटच्या खिडकीत चिकटवायचे नाहीत, एवढं पथ्य तरी हवंच.

या सगळ्याला विरोध झाला नाही असं नाही. तो आळसातून आला असं मात्र म्हणणार नाही. लीनच्या नावाखाली काय काय चालतं ते लोकांनी ऐकलेलं असतं. ब्रिटनच्या कर खात्यातली २००७ सालची गोष्ट प्रसिद्ध आहे. टेबलावर पेन, स्टेपलर कुठे ठेवायचं याच्या जागा काळ्या पट्टीने आखून दिल्या होत्या, आणि कर्मचारी संघटनेची तक्रार अशी की, टेबलावर केळं ठेवलं तर ते 'वापरात' आहे की नाही असंही विचारलं जायचं. टेबल आखून फाइल पळत नाही. शिवाय एक उघड भीती असते, काम कमी झालं तर मी कशाला हवी? या भीतीला उत्तर न देता सूचना मागितल्या की सूचनापेटीत कोऱ्या चिठ्ठ्या सापडतात. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराने मायकेल हॅनकॉक महापौर असताना 'पीक अकादमी' काढली आणि बाहेरचे सल्लागार आणण्यापेक्षा आपल्याच कर्मचाऱ्यांना हे शिकवलं. मला त्यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. गुरुवारची गोष्ट शिपायाला माहीत होती, सल्लागाराला कशी कळणार?

आणि सगळंच थांबणं वाया जात नाही, हेही सांगायला हवं. काही परवानग्यांआधी शेजाऱ्यांना हरकती घ्यायला मुदत असते. अर्जदाराच्या दृष्टीने ते दिवस फुकट, शेजाऱ्याच्या दृष्टीने तोच त्याचा हक्क. पैसे देताना दुसऱ्याची सही लागते तीही तशीच. मोटारीच्या कारखान्यात गिऱ्हाईक एक असतं. आमच्या खिडकीवर अर्ज देणारा एक आणि त्या अर्जाची झळ बसणारे दहा, आणि ते दहा त्या दिवशी रांगेत नसतात.

आमच्याकडे प्रिंट काढणं बंद झालं, पाहणी आठवड्यातून तीनदा होते, आणि पाहणीची नोंद जागेवरच मोबाइलवर होते, कचेरीत परत येऊन पुन्हा लिहावी लागत नाही. सह्या मात्र अजून सातच आहेत. त्या तीनवर आणण्याचा प्रस्ताव मी तयार केला, अर्ध्या पानाचा. नियमाप्रमाणे त्यालाही सात सह्या लागतात. सध्या तो पाचव्या टेबलावर आहे. वर मी पिवळी चिठ्ठी लावली आहे. आल्याची तारीख दिसते, पुढचा रकाना कोरा आहे.