काळ्या घोड्यावर किती फूट?

ऑगस्टमध्ये बडोद्याला काकांकडे गेलो. स्टेशनवरून रिक्षात बसतोय तोच रिक्षावाल्यानं फोनवर कुणाला तरी विचारलं, "काला घोडा केटला?" पलीकडून ‘सोळ’ आलं आणि गडी निवांत झाला. काळा घोडा म्हणजे कमाटी बागेच्या दारासमोरचा सयाजीरावांचा अश्वारूढ पुतळा. त्याच्याजवळच्या पुलापाशी विश्वामित्री नदीचं पाणी फुटांत मोजतात. पंचविशीच्या आसपास धोका. 2024च्या ऑगस्टअखेरीस आकडा 37च्या वर गेला होता.

सकाळी शेव-उसळ हाणली (मिसळीची बहीणच, पण हे पुण्यात बोलायची सोय नाही) आणि काकांबरोबर पुलावर गेलो. खाली गढूळ पाणी, काठाच्या चिखलात एक मगर पसरलेली. पुरात ही मंडळी सोसायट्यांमध्ये शिरतात. 2025च्या उन्हाळ्यात नदी रुंद आणि खोल करायचं काम झालं, पण काकांचा भरवसा अजून बसलेला नाही.

त्यांचं घर अकोट्याला, तळमजल्यावर. फ्रिज विटांच्या चौथऱ्यावर, कपाटांचं प्लाय खालून फुगलेलं. मीटरच्या कपाटाचं दार उघडून काकांनी मला आतली पेन्सिलची अक्षरं दाखवली: ‘24 गाडी पुलावर. 28 कोपऱ्यावर पाणी. 31 आपली पायरी.’

"हे कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? पाणी येऊन गेलं ना, त्यानंच," काका म्हणाले.

"आणि गाडी तेव्हा खालीच होती, तेही सांगा," स्वयंपाकघरातून काकू.

मी फिलिपिन्समध्ये, मनिलाला नोकरीला होतो, त्यामुळे ते दार बघून थबकलो. तिथं शेजारच्या मारिकिना शहरात हाच हिशोब भोंग्यावर चालतो. नदी 15 मीटरला आली की पहिला भोंगा: तयारीला लागा. 16ला दुसरा: निघा. 18ला तिसरा: आता कुणाचं ऐकणार नाही, बाहेर काढणार. सप्टेंबर 2009मध्ये ओंडॉय वादळानं मनिलावर एका दिवसात 455 मिमी पाऊस ओतला, तेव्हा ही नदी 21 मीटरच्याही वर गेली होती. पण भोंगा वाजल्यावर काय करायचं, हे आज तिथं शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

बडोद्याकडे एक गोष्ट आहे जी बेटांकडे नाही: वेळ. पाणी पावागडच्या बाजूनं येतं आणि वाटेत सयाजीरावांच्या काळातला आजवा तलाव आहे. काका आजवा आणि काळा घोडा हे दोनच आकडे बघतात आणि त्यांना काही तास मिळतात. उष्ण कटिबंधातल्या बेटांवर डोंगर समुद्राला चिकटलेले, नद्या आखूड आणि उताराच्या. सॉलोमन बेटांवर होनियारात एप्रिल 2014मध्ये मातानिको नदी अशीच अचानक फुगली आणि वीसहून जास्त माणसं गेली. अशा ठिकाणी नदीची पातळी मोजत बसलात तर मोजणाऱ्यासकट सगळे पाण्यात. म्हणून इशारा पावसावरूनच द्यावा लागतो. रडारवर ढग बघायचे, माती आधीच किती भिजलीय ते धरायचं आणि अंदाज बांधायचा. फिलिपिन्समध्ये तासाला 30 मिमीच्या वर पाऊस झाला की लाल इशारा मोबाइलवर येतो. तो कधीकधी फुकट जातो, लोक वैतागतात. पण आखूड नदीच्या काठी खात्री करत बसायला वेळच नसतो.

आपल्याकडे मात्र तास हाताशी असून ते आकड्यातच अडकतात. पुण्यात खडकवासल्यातून अमुक हजार क्युसेक सोडले, असा मेसेज येतो. क्युसेकवरून पाणी माझ्या जिन्यापर्यंत येणार का, हे कुणाला कळतं? म्हणून पुणेकर नदीपात्रातला ठेंगणा भिडे पूल बुडाला का तेवढं बघतो. माझ्या मते अंदाज आणखी अचूक व्हायच्या आधी काकांच्या दारावरची ती पट्टी प्रत्येक गल्लीसाठी तयार व्हायला हवी: इतक्या फुटांना तुमच्याकडे इतकं पाणी.

काकांच्या सोसायटीचा ग्रुप आहे, पावसात त्यावर दर तासाला आकडा पडतो. नदीला लागून असलेल्या परशुराम भठ्ठा वस्तीत पाणी या सोसायटीच्या कितीतरी आधी शिरतं. काकूंकडे भांड्याला येणाऱ्या मावशी तिथल्याच. त्या ग्रुपमध्ये नाहीत. त्यांना आकडा कोण सांगतं, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, "मीच फोन करते. लागला तर."