सेल मोजले, चिमटा राहिला

वडणग्याच्या काकांची सायकल टेम्पोतून उतरवली, तेव्हा पुढचं चाक वेगळं आणि सायकल वेगळी होती. जुनी काळी अठ्ठावीस इंची, रॉडच्या ब्रेकची. काकांनी घरीच पुढच्या चाकात हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी विजेची मोटर, बसवली होती. कोल्हापुरात शिवाजी पूल ओलांडून तोरस्कर चौकाकडे चढताना त्यांनी थ्रॉटल पूर्ण पिळला. चाकाचा आस, म्हणजे एक्सल, खाचेत फिरला, वायरी पिळवटून तुटल्या आणि चाक धरणाऱ्या चिमट्यातून, म्हणजे फोर्कमधून, निसटलं. कोपर सोलपटण्यावर निभावलं, कारण मागची गाडी लांब होती.

शिवाजी उद्यमनगरात माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. घरी केलेल्या अशा सायकली हल्ली बऱ्याच येतात. गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल इंजिन बसवून मागणाऱ्या पोरांना मी परत पाठवतो. इंजिन २५ सीसीच्या वर गेलं की ते मोटार वाहन झालं. नोंदणी, लायसन, विमा सगळं आलं, आणि घरच्या जोडणीला पासिंग कोण देणार? बॅटरीवरची, २५० वॉटच्या आतली, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी सायकल चाचणी संस्थेनं मान्य केलेली असेल तर मात्र कायद्यानं मोटार वाहन नाही. वॉट आणि वेगाच्या हिशोबानं काकांची त्यात बसत होती.

बॅटरीचा डबा उघडला आणि मी बघतच राहिलो. जुन्या लॅपटॉपचे ४० सेल, चार-चारचे दहा गट एकामागं एक जोडलेले, म्हणजे ३६ व्होल्ट, पूर्ण चार्जला ४२. प्रत्येक सेलवर बारीक अक्षरात त्याची मोजलेली क्षमता. कमी-जास्त सेल असे वाटून घेतलेले की प्रत्येक गटाची बेरीज सारखी यावी. निकेलच्या पट्ट्या सरळ, बॅटरी सांभाळणाऱ्या बीएमएस सर्किटच्या वायरी क्रमानं, कुठं उघडं टोक नाही. इतकं नीट काम पैसे घेऊन करणाऱ्यांकडूनही होत नाही.

आणि चिमटा? या सायकलच्या खाचेत ८ मिलिमीटरचा एक्सल बसतो. मोटरचा एक्सल १२ चा, दोन बाजूंनी सपाट करून १० चा. तो बसावा म्हणून काकांनी खाच कानशीनं वाढवली होती, तीही एकाच बाजूनं. तिथं उरलेलं लोखंड नखाएवढं. त्यावर मोटरच्या किटमधला पातळ वॉशर.

मोटर चाकाला पुढं ढकलते तेवढ्याच जोरानं एक्सल उलटा फिरायला बघतो. चढाला असली मोटर ४० न्यूटन-मीटरपर्यंत जाते. एक्सलची सपाट बाजू जेमतेम साडेसहा मिलिमीटर रुंद, म्हणजे खाचेच्या कडांवर सहाशे किलोच्या आसपास जोर. तोच जोर दहा सेंटिमीटर लांब पट्टीनं चिमट्याच्या नळीवर नेला की टोकाला चाळीस किलोच उरतो. त्या पट्टीला टॉर्क आर्म म्हणतात. किट विकणारे बरेचजण ती देत नाहीत, तिच्याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत. ग्राहकाच्या जिवाशी चाललेला हा खेळ आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांची हयात फौंड्रीत मोल्डिंग करण्यात गेली. मी विचारलं, "काका, सेल एवढे मोजलासा, मग चिमटा का न्हाई मोजला?"

"लोखंड दिसतंय की ओ मिस्त्री. त्यात काय मोजायचं? करंट दिसत न्हाई, म्हणून भ्या वाटतं."

हे उत्तर अजून डोक्यातून जात नाही. लोखंडात पोकळी कुठं राहते, तडा कुठून जातो, हे या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग पुढचा ब्रेक शोधला, तर नव्हताच! रॉडचा ब्रेक रिमला आतून, स्पोकच्या बाजूनं धरतो; त्यासाठी रिमही तशाच घडणीची लागते. किटची रिम वेगळी, ब्रेक बसेना, म्हणून काढून ठेवलेला. मोटरचं वजन वाढलेलं आणि थांबायला फक्त मागचा ब्रेक. काका म्हणाले, "मागचा हाय की." मी म्हटलं, ब्रेक झाल्याशिवाय सायकल मिळणार नाही. तासभर वाद झाला.

दुसरा, जाड खाचेचा लोखंडी चिमटा मिळवला. व्ही-ब्रेकचे बॉस, म्हणजे ब्रेकचे हात बसायचे खुंट, त्याला पितळी ब्रेझिंगनं, पितळ वितळवून, लावले. आर्क वेल्डिंगच्या उष्णतेनं पातळ नळी त्या जागी कमजोर होते. टॉर्क आर्म ६ मिलिमीटरच्या ईएन-८ पोलादी पट्टीतून काढले, दोन्ही बाजूंना एकेक. भोक कमी मापाचं मारलं आणि पुढं कानस चालवली. एक्सलवर लाकडी हातोडीनं हलकेच ठोकत बसवावं लागलं, हातानं हलवून जरासुद्धा खेळ नाही. तशी फिटिंग जमली की माझा दिवस सार्थकी लागतो. आर्मच्या दुसऱ्या टोकाला, चिमट्याच्या नळीवर, सैल न होणाऱ्या नायलॉक नटाचा क्लॅम्प.

काकांनी सायकल नेली, त्याच चढावर चालवली, फोन करून ब्रेक चांगला लागतो म्हणाले. वॉशर हलका निघाला म्हणून पडलो, हे मात्र अजून धरून आहेत.

परवा त्यांच्याच गल्लीतला एक पोरगा मोटर बसवलेलं पुढचं चाक आणि चिमटा घेऊन आला. किट तेच, वॉशर तोच. मी त्याला आधी घरी जाऊन पूर्ण सायकल आणायला सांगितलं.