फौज कोणाची, खर्च कोणाचा

धाराशिव जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. लष्करी आघाड्यांचे प्रकरण आले की वर्ग दरवर्षी टक्केवारीपाशी अडकतो. 2014 मध्ये वेल्सच्या शिखर परिषदेत नाटोच्या सदस्यांनी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 2 टक्के रक्कम संरक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट मान्य केले आणि 2025 मध्ये हेग येथे ते 2035 पर्यंत 5 टक्क्यांवर नेण्याचे ठरले, हे पाठ झाले की परीक्षेपुरते भागते. म्हणून या वेळी व्याख्यानाऐवजी अभिरूप परिषद घेतली. युद्ध सुरू आहे असे धरून दोस्त राष्ट्रांनी भार वाटून घ्यायचा आणि प्रत्येक गटाने आपल्या देशाच्या खऱ्या इतिहासाचाच आधार घ्यायचा, असा नियम केला.

आइसलँडची चिठ्ठी एरवी गप्प बसणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या गटाला निघाली. चिठ्ठीवर मी ‘स्थायी सैन्य : नाही’ असे लिहिले होते, ते वाचताच मागच्या बाकांवर हशा पिकला आणि अमेरिकेच्या गटाने यांना वगळूनच बेरीज करू, असे सुचवले. ती उठून भिंतीवरच्या नकाशाजवळ गेली आणि ग्रीनलँड, आइसलँड व ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रावरून तिने पट्टी फिरवली. सोव्हिएत पाणबुड्यांना अटलांटिकमध्ये उतरण्यासाठी ही वाट धरावी लागे, त्यांच्यावर केफ्लाविकच्या तळावरून पाळत ठेवली जाई आणि 1949 मध्ये आम्ही नाटोचे संस्थापक सदस्य झालो ते या जागेच्या बळावर, असे सांगून तिने मला विचारले, ‘‘मॅडम, पैसा देणाऱ्याचा वाटा धरायचा अन् जागा देणाऱ्याचा नाही, हा कुठला हिशेब?’’

त्यानंतर चर्चेला धार आली. जपानच्या गटाने 1991 च्या आखाती युद्धाचे गाऱ्हाणे मांडले : सुमारे 1300 कोटी डॉलर मोजूनही, सैनिक पाठवले नाहीत म्हणून, कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत दिलेल्या आभाराच्या जाहिरातीत जपानचे नाव नव्हते. सोव्हिएत गटाने दुसऱ्या महायुद्धातील सुमारे 2 कोटी 70 लाख मृतांचा आकडा फळ्यावर लिहिला आणि अमेरिकेने पुरवलेल्या मालमोटारींची किंमत याच्यासमोर कशी मांडायची, असे विचारले. त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते. खरे तर माझ्याकडेही नव्हते.

नाटोचा युरोपातील सरसेनापती आयझेनहॉवरपासून आजवर अमेरिकीच राहिला आहे, हे सांगून अमेरिकेच्या गटाने ‘ज्याचा पैसा त्याचा हुकूम’ असा दावा केला, तेव्हा मात्र मला राहवले नाही. पैसा एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा, असेही घडते आणि ते आपल्याच मुलखात घडले आहे. 1798 च्या तैनाती कराराने निजामाने इंग्रजांच्या सहा पलटणींसाठी वर्षाला सुमारे 24 लाख रुपये द्यायचे कबूल केले. 1800 मध्ये रोख रकमेऐवजी टिपूकडून वाट्याला आलेला बळ्ळारी-कडप्पाचा मुलूखच कंपनीला कायमचा देऊन टाकला. शिवाय युद्धप्रसंगी 9,000 घोडेस्वार आणि 6,000 पायदळ स्वतः पाठवण्याची अट होतीच. ही दुसरी फौज नीट लढत नाही, या तक्रारीवरून तिच्यावर इंग्रज अधिकारी आले, तिची ‘हैदराबाद कंटिन्जंट’ झाली, हिंगोली आणि अंबाजोगाईला तिच्या छावण्या पडल्या. युद्धे संपली, फौज राहिली. निजामाकडे पगार थकला की कंपनी उचल देई आणि ती कर्ज म्हणून मांडून ठेवी. अखेर 1853 मध्ये वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख त्या खर्चापोटी कंपनीच्या ताब्यात गेला. 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिल्यामुळे 1860 मध्ये सुमारे 50 लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र मिळाले नाही.

‘‘म्हणजे आमचं नळदुर्ग गहाण होतं?’’ सोव्हिएत गटातला एक मुलगा म्हणाला. तो रोज नळदुर्गहून एसटीने येतो आणि किल्ल्याची इत्थंभूत माहिती त्याला आहे. ही गोष्ट मात्र त्याने ऐकलेली नव्हती.

पुढच्या तासाभरात आइसलँड आणि जपानच्या गटांनी मिळून ठरावाचा मसुदा बदलून टाकला. तळासाठी दिलेली जमीन आणि गमावलेली माणसे यांची नोंद पैशाशेजारी पण वेगळ्या रकान्यात करावी; युद्ध संपताच दोस्ताच्या खर्चाने उभी केलेली फौज त्याच्या संमतीशिवाय ठेवू नये; आणि हिशेब सर्व सदस्यांना तपासता यावा, अशी तीन कलमे त्यांनी घातली. पहिली दोन एकमताने संमत झाली. तिसऱ्यावर अमेरिकेचा गट घंटा होईपर्यंत अडून बसला आणि त्याने सही केली नाही.