पाला कोंबलेलं तोंड

२२ जुलै, रात्री साडेअकरा

सांगलीच्या आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं, हे विचारणारा तिसरा फोन आत्ता झाला. लाइट सातलाच गेलीय. इन्व्हर्टरवर बैठकीतला एक दिवा तेवढा आहे. टीव्ही नाही म्हणून जपानी लेखक अकुतागावाच्या कथांचं ते पिवळं पडलेलं इंग्रजी पुस्तक काढलं आणि ‘याबु नो नाका’ पुन्हा वाचली. झोपायच्या आधी वाचायची गोष्ट नव्हे ही. कळत होतं, तरी वाचली.

नावाचा सरळ अर्थ ‘झाडोऱ्यात’ असा. पण सगळं घडतं बांबूंत, म्हणून माझ्या मनात ती कायम ‘बांबूच्या बेटात’ या नावानंच राहिलीय. १९२२ची गोष्ट, लिहिणारा तेव्हा २९ वर्षांचा. क्योतोजवळ यामाशिनाच्या रस्त्यापासून आत एक सामुराई मरून पडलाय, छातीत एकच वार. लाकूडतोड्याला प्रेतापाशी एक दोर सापडतो आणि एक फणी. मग एकामागून एक सात जबान्या. निवेदक नाही, निकाल नाही.

बहुतेकांना ही गोष्ट कुरोसावाच्या १९५०च्या ‘राशोमोन’ सिनेमामुळे ठाऊक असते. पण सिनेमाचं नाव आणि ती पडकी वेस अकुतागावाच्याच दुसऱ्या, १९१५च्या कथेतून आली. खून मात्र या गोष्टीतला. सिनेमात शेवटी एक तान्हं मूल येतं आणि जरा उजेड पडतो. इथं मूल नाही.

खून नेमका कोणी केला, यावर एकदा आमच्या वाचनमंडळात दोन तास वाद झाला होता. चहा गार झाला. कारण चोर, बायको आणि मेलेला नवरा, तिघंही म्हणतात की मीच मारलं. ताजोमारू हा चोर सांगतो, मी त्याला सोडवलं, तलवार उपसून लढ म्हटलं आणि तेविसाव्या वाराला पाडलं. माझ्यासमोर वीस वार टिकलेला हा एकटाच. बायको, मासागो, अवघी १९ वर्षांची. ती म्हणते, मी खंजीर चालवला. नवरा मांत्रिक बाईच्या तोंडून बोलतो, मी स्वतःच्या हातानं छातीत खुपसून घेतला. गुन्हा झटकण्यासाठी खोटं बोलणारी माणसं आपण रोज बघतो. इथं खून आपल्या अंगावर ओढून घ्यायची चढाओढ आहे.

आज वाचताना मात्र वेगळंच टोचलं. तिघांच्या जबानीत एक गोष्ट सारखी आहे. चोरानं नवऱ्याला देवदाराला बांधलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत बायकोवर अत्याचार केला. याबद्दल कुणाचं दुमत नाही. आणि याचबद्दल कुणाला काही पडलेलं नाही! चौकशी खुनाची चालू आहे. आम्हीही दोन तास खुनावरच बोललो होतो.

नवऱ्याची जबानी तर वाचवत नाही. तो सांगतो, चोर तिच्याशी गोड बोलत होता आणि तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. मत्सरानं जळणारा माणूस हे म्हणतो, आणि ते खरं वाटतं, म्हणूनच अंगावर काटा येतो. त्या पोरीवर काय गुदरलंय ते याला दिसत नाही. चेहऱ्यावरचं तेज तेवढं दिसतं, आणि ते दुसऱ्यासाठी आहे असं ठरवून तो मोकळा होतो. पुढं ती चोराला ‘याला मारून टाक’ म्हणते, असं तो सांगतो. म्हटलं असेलही. मला त्याच्या कानांपेक्षा डोळ्यांचा जास्त संशय येतो.

दिवा मिणमिणायला लागलाय. उद्या.

२३ जुलै, संध्याकाळ

पाऊस ओसरला. दुपारी बँकेतून येताना मंडईपाशी गाळ.

काल एक गोष्ट लिहायची राहिली, आणि मला वाटतं सगळी कथा तिथंच आहे. मासागो सांगते की तिनं नवऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं. राग नव्हता, दुःख नव्हतं, थंड तिरस्कार होता. चोर निघून गेल्यावर ती म्हणते, आता दोघंही मरूया. तो उत्तर देतो, ‘मार.’ पण त्याच्या तोंडात चोरानं बांबूचा पाला कोंबलेला आहे. आवाज बाहेर येऊच शकत नाही. ती स्वतःच कबूल करते की ऐकू काही आलं नाही, पण तिला कळलं.

तिला कळलं! नवऱ्यालाही तिच्या चेहऱ्यावरून असंच सगळं कळलेलं असतं.

ही कथा जुन्या जपानी ‘कोंजाकु’ कथासंग्रहातल्या एका गोष्टीवरून घेतलीय. तिथं कुणी मरत नाही. चोर ऐवज घेऊन पळतो, बायको नवऱ्याला सोडवते, तुझ्यात काही दम नाही असं सुनावते आणि दोघं ताम्बा प्रांताच्या वाटेला लागतात. मला कधीकधी ती जुनी गोष्टच जास्त काळी वाटते. मुकाट्यानं पुढची वाट चालायची, आणि घरी पोचून संसारही करायचा.

आता माझं. कुठं तरी लिहायला हवंच.

१९९४. कोल्हापूरला आम्ही दोघी एका खोलीवर राहायचो. ती आणि मी. तो माझा होता, म्हणजे मी तसं धरून चालले होते. एका शनिवारी मी सीबीएसवर, म्हणजे मोठ्या एसटी स्टँडवर, सांगली गाडीत खिडकीशी बसले होते. काच अर्धी धुळीची, वर जाळी. पलीकडे रसवंतीपाशी ती दोघं. ती मान मागं टाकून हसत होती, हातातला ग्लास कलंडून रस तिच्या चपलेवर सांडला तरी हसत होती. मला अजून आठवतं की राग यायच्या आधी मनात आलं, किती छान दिसतेय ही. मग तिचे ओठ हलले आणि मला माझं नाव दिसलं. ऐकू काय येणार, गाडी सुरू झाली होती.

सोमवारी परत गेले ती भांडायच्या तयारीनंच. भांडलेही नाही. दुसरी खोली बघितली, सामान भरलं. घाईत तिचा एक स्टीलचा डबा माझ्या सामानात आला. झाकणावर टिंबाटिंबांनी तिच्या आईचं नाव घातलेलं. त्याला मी पत्र टाकलं, चार ओळींचं. तिघांमधलं सगळं मी संपवलं, असं मी गेली तीस वर्षं सांगत आलेय. त्यानं मित्रांत सांगितलं की त्यानं मला सोडलं. काय सोडलं नि कुणी सोडलं, मधल्या मधे कोण जाणे.

या मे महिन्यात एका लग्नात ती भेटली. केस पांढरे, रंगवलेले नाहीत, छान वाटत होते. पंगतीत शेजारी बसलो. मठ्ठा वाढणारा पुढं सरकला तेव्हा मी धीर करून विचारलं, त्या दिवशी स्टँडवर तुम्ही माझ्यावर काय हसत होता गं?

‘कुठल्या दिवशी?’ ती म्हणाली.

मी रसवंती सांगितली, चपलेवर सांडलेला रस सांगितला. तिनं खरोखर आठवून बघितलं. जिलबीचा तुकडा हातात तसाच. मग मान हलवली. तिच्या डोक्यात एवढंच होतं की मला नोकरीची ऑर्डर आल्यावर मी शिष्ट झाले, आणि मग तिनंच माझ्याशी बोलणं कमी केलं.

म्हणजे तिनं!

हात धुताना ती एकदम म्हणाली, ‘अगं, आईचा एक डबा होता बघ खोलीवर, झाकणावर नाव असलेला. आई गेल्यावर फार शोधला मी. तुझ्याकडे आला का गं तेव्हा?’

मी म्हटलं, ‘नाही गं. माझ्याकडे कुठला?’

मेथ्या असतात त्यात. वरून दुसरा खण, डावीकडे.