वायतुरा आणि म्हशी

दुपारी जेवून जरा आडवा झालो, तेवढ्यात पुतण्याचा फोटो येऊन पडला. साताऱ्याजवळच्या कास पठाराच्या कातळावरचं उथळ डबकं, त्यात लांब देठावर उभा जांभळट-गुलाबी तुरा, वर दोन फाटे फुटलेला, गलोलीची बेचकी असते तस्सा. कोपऱ्यात कुणाच्या तरी बुटाचं टोक. खाली प्रश्न : काका, हे काय? आणि मी ‘वायतुरा’ म्हणून उत्तर देतो न देतो तोच दुसरा : रेअर आहे का?

हल्ली फुलाची चौकशी इथूनच सुरू होते. वास येतो का, कुठल्या देवाला चालतं, हे आईचे प्रश्न आता कुणी विचारत नाही.

तर हो, आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. शास्त्रीय नाव अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. म्हणजे गावाचं नाव थेट लॅटिनात, आणि याचा मला उगीचच अभिमान. कुळ असं, की अख्ख्या कुळात प्रजाती (म्हणजे जीनस) एकच. त्यातला मादागास्करचा एक भाऊबंद पानांच्या जाळीमुळे जगभरच्या मत्स्यालयांत मिरवतो. आमच्या या साताऱ्याच्या गड्याला शास्त्रीय नाव मिळायला मात्र १९८२ साल उजाडावं लागलं. शहरापासून पंचवीस किलोमीटरवर राहून!

लहानपणी कासला जायचं ते तळ्यासाठी. ‘आपल्या नळाला येतं ते हे पाणी,’ असं वडील प्रत्येक वेळी नव्याने सांगत. मग भाकरी, खर्डा, कांदा. फुलं होतीच आजूबाजूला, पण फुलं बघायला म्हणून कुणी येत नसे. डबक्यांत म्हशी बसलेल्या असत, निवांत, डोळे अर्धे मिटून. त्या चरत, तुडवत, चिखल करून उठून जात. उन्हाळ्यात सगळं वाळून कातळ उघडा पडे. कंद खाली मातीत जीव धरून असायचा. पावसाबरोबर तुरे पुन्हा वर.

२०१२ मध्ये पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं. गर्दी लोटली, तारेचं कुंपण आलं, गुरं बाहेर. मग जाणकारांत वाद : चराई थांबली की गवत माजतं आणि बुटकी फुलं त्याखाली दबतात. पुढे कुंपण निघालं. वाद मिटला असं नाही.

मी अर्थातच म्हशींच्या बाजूचा. वजनाने ती माणसाच्या पाच-सहा पट भरेल, पण रविवार बघून येत नाही आणि फोटो नीट यावा म्हणून न बघता मागे सरकत नाही. संवर्धनाच्या आराखड्यात म्हशी किती धराव्यात, हे अजून मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर जरा चढवूनच सांगेन.