चेलिमॉर्फाची नावं निस्तरताना

पीएचडीला टॉर्टॉइज बीटल, म्हणजे कासवासारख्या पाठीचे भुंगेरे, घेतले म्हटल्यावर घरच्यांना वाटलं ही आता ब्राझीलच्या जंगलात जाळं घेऊन फिरणार. कसलं काय. ब्राझीलमधल्याच कुरितिबा शहरात राहून माझा निम्म्याहून जास्त वेळ गेला तो दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कोणी कुठल्या भुंगेऱ्याला काय नाव दिलं ते शोधण्यात.

मी घेतलेला जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, चेलिमॉर्फा. आपल्याकडे बेशरमावर जे टॉर्टॉइज बीटल दिसतात त्यांचे हे लांबचे भाऊबंद, आणि गंमत म्हणजे बेशरम मूळचं दक्षिण अमेरिकेचंच. तर या चेलिमॉर्फात रंगांचा नुसता गोंधळ आहे. क्रिब्रारिया नावाची जात घ्या, कुठे तांबूस, कुठे काळे ठिपके, कुठे भलताच नमुना, आणि वेगवेगळ्या रंगाचे नर-मादी सर्रास जोडी जमवतात, एकाच मादीच्या पिल्लांत दोन-तीन रंग निघतात. हे पाळून बघितलं तरच कळतं. जुन्या लोकांपुढे मात्र टाचणीला लावलेले वाळके नमुने, लेबलवर फक्त 'ब्राझील', मग रंग वेगळा दिसला की दे नवीन नाव.

स्वीडनच्या बोहेमनने १८५० ते १८६२ मध्ये चार खंडांत या कुळाचा ग्रंथ लिहिला, सगळा लॅटिनमध्ये. त्यानंतर व्हिएन्नाच्या स्पेथने आयुष्यभर यात भर घातली, त्याचा संग्रह आता मँचेस्टरच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे भुंगेरा ब्राझीलचा, पण त्याचा मूळ नमुना, ज्याला टाइप म्हणतात, तो बघायचा तर युरोपला पत्रव्यवहार. सातबाऱ्यावर पणजोबाचं नाव असावं आणि वारसांनी तलाठ्याकडे खेटे घालावेत, तसं. एका म्युझियमने तर कित्येक महिने मेलला उत्तरच दिलं नाही, मग अचानक एके दिवशी एकदम झकास फोटो पाठवले, लेबलांसकट, सॉरी वगैरे काही नाही.

सगळ्यात डोकं खाल्लं ते 'व्हरायटी' आणि 'अबरेशन' या भानगडीने. प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीप्रमाणे १९६१ च्या आधी कोणी 'व्हरायटी' म्हणून नाव दिलं असेल तर ते सहसा उपजातीच्या दर्जाचं धरतात, म्हणजे ते नाव जिवंत, प्राधान्याच्या, म्हणजे आधीचं नाव कोणतं या भांडणात उतरू शकतं. 'अबरेशन' म्हणून दिलं असेल तर सहसा बाद. आता एकाच रंगाच्या प्रकाराला एकाने व्हर. लिहिलंय, दुसऱ्याने अब., तर मूळ पानावर नेमकं काय छापलंय ते बघितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, नंतरच्या कॅटलॉगवर विसंबून चालत नाही. मी प्रत्येक नावाची एक्सेल शीट केली होती: मूळ पान, दर्जा, टाइप कुठे, कोणी कधी कुठे हलवलं. बोअरिंग काम, पण थीसिस तरला तो त्या शीटवरच.

प्रत्यक्ष भुंगेऱ्याचं काम त्यामानाने मजेचं. वाळका नमुना गरम पाण्यात मऊ करायचा, पोट सोडवून कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचं, मग मायक्रोस्कोपखाली मादीची शुक्रकोषिका, म्हणजे नराचे शुक्राणू साठवणारा अवयव, काढायची, केसाएवढी वळलेली नळी असते, चिमटा जरा जोरात लागला की संपलं. रंग फसवतो तिथे कधीकधी हीच साथ देते. नंतर ते सगळं ग्लिसरीनच्या इवल्याशा बाटलीत घालून त्याच टाचणीला लावायचं.

बोहेमनने एका जातीसाठी बरेचदा अनेक नमुने वापरलेत आणि त्यातला मुख्य कोणता ते सांगितलेलं नाही, त्यामुळे मला काही ठिकाणी लेक्टोटाइप, म्हणजे त्यातलाच एक मुख्य नमुना, निवडावा लागला, आणि तो आपण मुद्दाम निवडतोय हेही पेपरमध्ये स्पष्ट लिहावं लागतं, २००० पासून तसा नियमच आहे. रिव्ह्यूअरने त्यावर फार काही म्हटलं नाही, त्याचं सगळं लक्ष जीनस बदलल्यावर जातीच्या नावातल्या लॅटिन विशेषणाचं लिंग बदललं का आणि मूळ लेखकाचं नाव कंसात गेलं का याच्यावर! सगळं दुरुस्त करून, झूबँक या प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवून पेपर एकदाचा छापून आला. दोन-तीन नावं मात्र तशीच लोंबकळत ठेवलीत, त्यांचे टाइप अजून कुठल्याच कपाटात सापडलेले नाहीत.