हौदा पाहून वजन ठरवू नका

ओळखीत कुणी पिकअप घेतली की मी आग्रहाने एवढंच सांगतो: हौदा किती मोठा ते नंतर बघा, आधी चालकाचं दार उघडून त्या चौकटीवरची पट्टी शोधा. बहुतेक गाड्यांना ती असते. गाडी, इंधन, माणसं, माल सगळं धरून एकूण किती वजन चालेल ते तिच्यावर असतं. पुढच्या आणि मागच्या एक्सलची, म्हणजे चाकांच्या आसाची, मर्यादाही वेगळी दिलेली असते.

एकूण मर्यादेतून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते पेलोड. समजा मर्यादा २९५० किलो आणि टाकी भरलेली गाडी १९५० किलो. उरले १०००. पण ते सगळे मालाचे नव्हेत, आणि हिशेब फसतो तो इथेच. सत्तर-सत्तर किलोची चार माणसं बसली, २८० गेले. हौद्यावर बसवून घेतलेलं ६० किलोचं छतही यातच. मागे दोन टनांचा ट्रेलर असेल तर त्याचा किमान दहावा हिस्सा हुकावर येतो, म्हणजे आणखी २००. मालाला राहिले ४६०. ओली वाळू घनमीटरला दोन टनांच्या आसपास भरते. ४६० किलोत हौद्याचा तळ जेमतेम अर्धी वीत झाकला जातो.

माल कुठे ठेवला यालाही तितकंच महत्त्व आहे. दोन्ही एक्सलमध्ये तीन मीटर अंतर असेल आणि मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे ३०० किलो ठेवले, तर मागे ४०० किलो वाढतात आणि पुढचे १०० कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक धरत नाहीत. म्हणून जड वस्तू केबिनला टेकवूनच ठेवा.

‘पाटे वाढवले, आता कितीही टाका’ हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते. पाटे म्हणजे एक्सलवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. त्यांनी गाडी सरळ उभी राहते, पण ब्रेक, बेअरिंग, चेसिस, टायर तेच असतात. टायरवर ११२ असा भारांक, म्हणजे वजन पेलण्याचा सांकेतिक आकडा, असेल तर तो एक टायर ११२० किलो पेलतो, तेही हवा पुरेशी असेल तरच.

खात्रीच हवी असेल तर नेहमीची माणसं आणि सामान घेऊन वजनकाट्यावर जा. आधी पूर्ण गाडी तोला, मग फक्त मागची चाकं, आणि दोन्ही आकडे पट्टीशी ताडून बघा.